सैन्यातून आयटीत: रेझ्युमे तारीखवार, कौशल्यवार की मिश्र?

सेवामुक्तीला सहा-आठ महिने उरले की रेझ्युमे लिहायला बसावे लागते आणि पहिली अडचण मांडणीचीच येते. तीन मांडण्या चालतात. तारीखवार मांडणीत शेवटच्या कामापासून मागे जायचे. कौशल्यवार मांडणीत तारखा बाजूला ठेवून 'नेटवर्क', 'टीम सांभाळणे', 'देखभाल' अशा गटांत अनुभव मांडायचा. मिश्र मांडणीत वर कौशल्ये आणि प्रमाणपत्रे येतात, खाली तारखांसह सेवा येते. सिग्नल्स (सैन्याची संचार शाखा), ईएमई (यंत्रे आणि उपकरणे दुरुस्त करणारी शाखा), नौदलाची इलेक्ट्रिकल शाखा किंवा हवाई दलाचे तांत्रिक ट्रेड यांत पंधरा-वीस वर्षे काढलेल्या बहुतेकांना मिश्र मांडणीच सोयीची पडते. सरसकट सगळ्यांना मात्र नाही.

त्याआधी एक काम उरकून घ्या. नेमके कोणते पद हवे ते ठरवा. नेटवर्क ऑपरेशन्स सेंटर, सायबर सुरक्षेचे मॉनिटरिंग आणि आयटी मालमत्तेची देखरेख या तिन्हींना एकच रेझ्युमे पाठवला तर तिन्हीकडून उत्तर येत नाही. हव्या त्या पदाच्या दहा जाहिराती छापून घ्या आणि पुन्हा पुन्हा येणारे शब्द अधोरेखित करा. त्यातले जे काम तुम्ही खरोखर केले आहे, तेच शब्द रेझ्युमेत यायला हवेत.

तारीखवार

एचआरला ही मांडणी ओळखीची असते, नोकरीच्या पोर्टलची सॉफ्टवेअर ती नीट वाचतात आणि पडताळणीही सोपी जाते. शेवटची चार-पाच वर्षे हव्या त्याच कामात गेली असतील तर हीच निवडा.

घोळ होतो तो पोस्टिंगचा. सतरा वर्षांत सात पोस्टिंग झाल्या म्हणून सात स्वतंत्र नोंदी केल्या, तर बाहेरच्या माणसाला वाटते की याने सात नोकऱ्या सोडल्या. नियोक्ता एकच लिहा: 'भारतीय सेना, कोअर ऑफ सिग्नल्स, २००८–२०२५'. त्याखाली शेवटच्या दोन-तीन जबाबदाऱ्या वर्षांसह द्या. पहिली दहा वर्षे दोन ओळींत आटोपली तरी काही बिघडत नाही.

कौशल्यवार

ट्रेड आणि नवे क्षेत्र यांचा मेळ नसेल तर ही मांडणी मोहात पाडते. इन्फन्ट्रीतला किंवा स्टोअर सांभाळणारा जवान रात्री अभ्यास करून लिनक्स शिकलेला असतो आणि त्याला तेच पुढे आणायचे असते. पण 'बिघाड शोधण्यात निपुण' ही ओळ वाचणारा लगेच विचारतो: कुठे, कधी, किती वर्षे? तारखा दिसल्या नाहीत की काहीतरी लपवले आहे असा संशय येतो. ओळखीच्या माणसाच्या हातून थेट मॅनेजरपर्यंत जाणार असेल तेवढ्यापुरती ही मांडणी ठीक. पोर्टलवर टाकायला तिची शिफारस आम्ही करणार नाही.

मिश्र

दोन पाने पुरतात. वरच्या एक तृतीयांश भागात नाव, फोन, शहर, सेवामुक्तीची तारीख ('१ जूनपासून उपलब्ध'), तीन ओळींचा सारांश आणि आठ-दहा कौशल्ये. मग प्रमाणपत्रे, मग सेवा, शेवटी शिक्षण. सर्व्हिस नंबर, वडिलांचे नाव, उंची, धर्म, पेन्शनचा आकडा यांतले काहीही नको.

खरे कष्ट सेवेच्या ओळींत आहेत. रेझ्युमे इंग्रजीत जाणार, पण ओळ कशी घडते ते मराठीत पाहू. पहिल्या मसुद्यात बहुधा असे असते:

'सेक्शनच्या सर्व संचार साधनांच्या देखभालीची जबाबदारी चोख पार पाडली.'

यात किती, कशाने आणि त्यातून काय झाले, यांपैकी काहीच नाही. तीच ओळ पुन्हा लिहिली तर:

'सुमारे २०० वापरकर्त्यांच्या लॅनची देखभाल: स्विच व राउटर बसवणे, व्हीलॅन, बिघाडशोध. ६ जणांच्या पाळ्या लावल्या. फायबर तुटल्यास पर्यायी मार्गावर जाण्याची कृती लिहून काढली. संपर्क पूर्ववत होण्याचा वेळ दोन तासांवरून वीस मिनिटांवर आणला.'

आकडे स्वतःच्या कामाचेच हवेत, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्या वीस मिनिटांवरच येतो.

काय लिहायचे नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ निवृत्तीनंतरही लागू राहतो. युनिटचा क्रमांक आणि ठिकाण एकत्र, फ्रीक्वेन्सी, सायफर (सांकेतिक संदेशांची) उपकरणे, शस्त्रप्रणालीची नावे, नेटवर्कचा आराखडा यांतले काहीही रेझ्युमेत, लिंक्डइनवर किंवा मुलाखतीत येता कामा नये. वापरकर्त्यांच्या आकड्याबद्दलही शंका असेल तर तो गाळा. युनिट सोडण्यापूर्वी मसुदा वरिष्ठ अधिकाऱ्याला दाखवून घ्या. नंतर विचारायला जवळ कोणी नसते.

हुद्द्याचेही भान ठेवा. 'हवालदार' खोडून 'टीम लीड' लिहिले की डिस्चार्ज बुकशी (सेवामुक्तीच्या वेळी मिळणारे सेवेच्या नोंदींचे पुस्तक) जुळत नाही आणि पडताळणीत अडकते. दोन्ही लिहा: 'हवालदार – नेटवर्क देखभाल गटप्रमुख, ६ जण'. आधी खरा हुद्दा, मग कामाचे वर्णन.

शिक्षण आणि प्रमाणपत्रे

इथली चूक सर्वांत महागात पडते. दहावी उत्तीर्ण आणि पंधरा वर्षे सेवा यांवर मिळणारे पदवी-समकक्ष प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या गट 'क' पदांसाठी चालते. खासगी कंपनी ते बीएस्सी किंवा बीई मानत नाही. शिक्षणात 'पदवीधर' लिहू नका, प्रमाणपत्राचे पूर्ण नाव लिहा. इग्नूची पदवी घेतली असेल तर ती वेगळी आणि ठळक द्या.

सीसीएनएचा (सिस्को कंपनीचे नेटवर्किंग प्रमाणपत्र) क्लास पूर्ण केला म्हणजे सीसीएनए झाले असे नाही. परीक्षा उत्तीर्ण झाला असाल तरच ते प्रमाणपत्र. नाहीतर 'तयारी सुरू, परीक्षा ऑगस्टमध्ये' असे लिहा. सीसीएनए आणि सुरक्षेकडे जाणाऱ्यांसाठीचे सिक्युरिटी प्लस, दोन्ही तीन वर्षांनी नूतनीकरणाला येतात, म्हणून वर्ष जरूर टाका. माजी सैनिकांसाठीच्या पुनर्वसन महासंचालनालयामार्फत कोर्स केला असेल तर संस्था आणि किती आठवडे तेही लिहा. घरी पॅकेट ट्रेसरवर (नेटवर्कचा सराव करण्याचे सॉफ्टवेअर) उभारलेल्या नेटवर्कची एक ओळही वाचणाऱ्याला आवडते.

अधिकाऱ्यांना तारीखवार मांडणी जास्त शोभते, कारण प्रत्येक नियुक्तीत जबाबदारी बदलते. '८०० जवानांचे नेतृत्व' यापेक्षा किती रकमेचे काम, किती पुरवठादार आणि ते मुदतीत झाले का, हे कंपनीला जास्त कळते. पीएमपीकडे (प्रकल्प व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र) वळायचे असेल तर चार वर्षांच्या पदवीधराला प्रकल्प हाताळल्याचे ३६ महिने आणि ३५ तासांचे प्रशिक्षण दाखवावे लागते. ते महिने नोकरीत असतानाच नोंदवून ठेवा.

अग्निवीरांचे गणित निराळे. चार वर्षांच्या सेवेची अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली आणि पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. विशीतल्या या मुलांची स्पर्धा फ्रेशर्सशी असते, म्हणून एक पान, वर शिक्षण आणि प्रमाणपत्रे, खाली चार वर्षांची सेवा हाच क्रम ठेवा.

फाइल आणि पडताळणी

एकच रकाना ठेवा. टेबल, चौकटी नकोत, आणि फोन नंबर हेडरमध्ये नको. काही सॉफ्टवेअर तो वाचतच नाहीत. सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. क्रम विस्कटला तर पोर्टलवरही विस्कटेल. एकूण अनुभव आणि संबंधित अनुभव वेगळे विचारले तर १७ आणि ५ असे खरेखुरे भरा. दोन्हीकडे १७ भरले की कनिष्ठ पदांच्या गाळणीत नाव उडते आणि वरिष्ठ पदाला अनुभव पुरत नाही.

निवड झाल्यावर रिलीव्हिंग लेटर मागतात. त्याऐवजी डिस्चार्ज बुक आणि पेन्शनधारकांनी पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) द्यायचा. पाने स्कॅन करताना कुटुंबाचे आणि वैद्यकीय तपशील झाका. पीएफचा यूएएन (सदस्याचा कायमचा खाते क्रमांक) मागतील. सैन्यदलांतील सेवेला ईपीएफ लागू नसतो, त्यामुळे मागे दुसरी नोकरी केली नसेल तर तो नंबर नसतो. हे एचआरला आधीच लेखी कळवा आणि रुजू होताना पीएफच्या फॉर्म ११ मध्ये 'पूर्वी सदस्य नव्हतो' असे भरा.