स्वराज द्वीपावरचे गाण्याचे कॅफे आणि त्यातील घरघर : हंगामभराच्या वापरानंतरचा अनुभव

मार्चमधील एका संध्याकाळी अंदमानातील स्वराज द्वीपावरच्या (पूर्वीच्या हॅवलॉक बेटावरच्या) एका कॅफेत गाणाऱ्या मुलीच्या ओठांना मायक्रोफोनमधून विजेचा झटका बसला आणि कार्यक्रम तिथेच थांबला. तिला इजा झाली नाही, पण स्पीकरमधील ज्या घरघरीबद्दल मी नोव्हेंबरपासून तक्रार करीत होतो ती कानांना त्रास देण्यापुरती नाही, त्यामागे खरा धोका आहे, हे त्या दिवशी सर्वांसमोर आले. आता तिथल्या वीजजोडणीची दुरुस्ती झाली आहे आणि त्यानंतरचे काही आठवडेही मी पाहिले आहेत, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

या बेटावरील विजयनगरचा किनारा, म्हणजे पाच नंबरचा बीच, आणि तिथली नारळाखाली बाके मांडलेली कॅफे यांचे वर्णन पुन्हा करण्याची गरज नाही. अंदमानला जाऊन आलेल्या बहुतेकांनी ती पाहिली आहेत. मी तिथे एका डायव्हिंग केंद्राचे हिशेब आणि बुकिंग सांभाळण्यासाठी हंगामभर राहत होतो. खोलीवर स्वयंपाकाची सोय नसल्यामुळे संध्याकाळचे जेवण आणि लॅपटॉपवरचे उरलेले काम त्यांतल्याच या एका कॅफेत होत असे. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल 2020 मध्ये सुरू झाल्यापासून बेटावर इंटरनेट कामचलाऊ मिळते, आणि या कॅफेतील वायफाय माझ्या खोलीपेक्षा निश्चितच चांगले होते. जेवणाविषयीही तक्रार नाही. ताजी सुरमई किंवा टूना मिळाली तर मासे उत्तम असतात. भाजीपाला मात्र बोटीने येतो, त्यामुळे हवामान बिघडून फेऱ्या रद्द झाल्या की दोन दिवसांत मेनूतील निम्मे पदार्थ मिळेनासे होतात. यात कॅफेचा दोष नाही.

येथील संध्याकाळ फार लवकर होते. बेट 93 अंश पूर्व रेखांशावर आहे आणि आपली प्रमाणवेळ 82.5 अंशांची, त्यामुळे सूर्य घड्याळाच्या सुमारे 42 मिनिटे पुढे चालतो. डिसेंबरमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सूर्यास्त पाहायला पर्यटक पश्चिमेकडील राधानगरला जातात आणि परत येऊन काळोखात पूर्वेकडच्या या किनाऱ्यावर बसतात. त्या वेळी त्यांना करण्यासारखे दुसरे काही नसते, म्हणून साडेपाच-सहापासून रात्री नऊपर्यंत चालणारे गाणे हा येथे शोभेचा भाग नसून व्यवसायाचा कणा आहे. गाणारेही बहुतेक प्रवासीच असतात: दोन आठवडे राहणारा एखादा स्पॅनिश गिटारवादक, बेंगळुरूहून आलेली मुलगी, डायव्हिंग शिकवणारा इस्रायली मुलगा. त्यांना जेवण मिळते आणि बिलात माणशी 100 रुपये संगीत शुल्क म्हणून लावले जातात.

माझा सगळा वाद या 100 रुपयांवरून सुरू झाला. गाणे चालू असताना स्पीकरमधून सतत घरघर येत असे. दोन गाण्यांमधील शांततेत ती सर्वांत स्पष्ट ऐकू येई, आणि वीज जाऊन जनरेटर सुरू झाला की दुप्पट होई. आपली वीज 50 हर्ट्झची असते आणि अशा घरघरीत तिच्या दुपटीचा, म्हणजे 100 हर्ट्झचा, सूर ठळक असतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावर (फ्रेटवर) बोट ठेवले की जो सूर निघतो तो 98 हर्ट्झचा आहे. म्हणजे ही घरघर त्या सुराच्या अगदी जवळ, पण किंचित चढी. प्रवासी गिटारवादक ज्या पट्टीत सर्वाधिक गाणी वाजवतात तिचा आधारसूर नेमका हाच. परिणामी उत्तम जुळवलेले वाद्यही बेसूर वाटत असे, जसे मागे कोणी न जुळवलेला तानपुरा छेडत बसावे. हे एकदा कानाला कळले की न ऐकणे शक्य होत नाही, आणि मी ते रोज ऐकत होतो.

मी व्यवस्थापकांना प्रथम नम्रपणे सांगितले. नंतर लेखी सांगितले. डिसेंबरच्या शेवटी, बेट खच्चून भरलेले असताना, घरघर दूर होईपर्यंत संगीत शुल्क देणार नाही असेही सांगितले आणि त्यावरून आमची खडाजंगी झाली. त्यांचे उत्तर माझ्या लक्षात राहिले आहे: "दादा, लोक दोन रात्री राहतात. आजवर कोणी काही बोलले नाही." ते खरे बोलत होते, आणि या प्रकारच्या ठिकाणांचा मूळ दोष त्या उत्तरातच आहे. येथे येणारे मराठी पर्यटक सेल्युलर जेलचे दर्शन घेऊन, सावरकरांच्या कोठडीपाशी डोके टेकवून बोटीने येतात, एक-दोन रात्री राहतात आणि निघून जातात. परदेशी प्रवासी त्याहून थोडे अधिक. एक संध्याकाळ घरघर ऐकणारा माणूस ती बेटाचाच भाग मानून सोडून देतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा माणूस बसतो. गल्लीतल्या हॉटेलात चहा पातळ झाला तर आठवडाभरात दहा ओळखीची माणसे मालकाला सांगतात. ज्या कॅफेला नेहमीचे गिऱ्हाईकच नाही तिथे दोष कितीही जुना झाला तरी मालकाच्या दृष्टीने तो कालचाच असतो. जानेवारीपर्यंत माझे मत असे होते की जेवावे, काम करावे आणि गाणे सुरू होण्याआधी उठावे.

फेब्रुवारीत एका रात्री ते मत बदलले. डिझेलवर चालणाऱ्या वीजकेंद्राचा पुरवठा संध्याकाळीच गेला आणि कॅफेचा जनरेटरही चालू होईना. कंदील लावले गेले. स्वयंपाकघरातील बंगाली काका हात पुसत बाहेर आले आणि बाकावर बसून भटियाली गाऊ लागले. पन्नासच्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने या बेटावर जमिनी दिल्या, त्या कुटुंबांपैकी ते एक. भटियाली हे पूर्व बंगालच्या नद्यांवरील नावाड्यांचे गाणे. त्यात ताल जवळजवळ नसतो, सूर लांबवत न्यायचा असतो, आणि त्या लांबवण्याला पूर्ण शांतता लागते. ओहोटी असल्यामुळे समुद्र दूर गेला होता. नाशिकच्या एका ग्रुपमधील दोन काकूंनी त्यांच्यानंतर एक अभंग म्हटला आणि काकांनी न सांगता टाळी धरली. मी पुण्यात पुष्कळ मैफिली ऐकल्या आहेत. या संध्याकाळीइतके लक्षपूर्वक ऐकणारे श्रोते त्यांत क्वचितच पाहिले. बिलात त्या दिवशी संगीत शुल्क लावले नव्हते. मी 100 रुपये हिशेब करून वेगळे दिले.

मग मार्चमधील तो झटका. त्या वेळी श्रोत्यांत चेन्नईचे एक ध्वनिव्यवस्था करणारे गृहस्थ होते. त्यांनी मल्टिमीटर आणवून गिटारची तार आणि मायक्रोफोनची जाळी यांच्यातील दाब मोजला. तो 90 व्होल्टच्या आसपास होता. गिटारचा अॅम्प्लिफायर एका भिंतीवरील सॉकेटला आणि मिक्सर बारमागच्या दुसऱ्या सॉकेटला जोडलेला होता. एका सॉकेटची अर्थिंगची तार कुठेच जोडलेली नव्हती आणि दुसऱ्याची जिथे जोडली होती तो खड्डा कोरड्या वाळूत होता. कोरडी वाळू विजेला नीट वाट देत नाही. अडॅप्टरमधून झिरपणारी वीज उपकरणांच्या धातूवर साचून राहत होती. तीच स्पीकरमध्ये घरघर म्हणून आणि गाणाऱ्या मुलीच्या ओठांवर झटका म्हणून प्रकट झाली. अशी झिरप फार थोडी असते म्हणून ती वाचली. खाऱ्या दमट हवेत एखाद्या जुन्या उपकरणाचे आतले आवरण खराब झाले असते आणि तिचे पाय ओले असते, तर प्रसंग वेगळा झाला असता.

यानंतर व्यवस्थापकांनी जे केले त्याचे श्रेय त्यांना मोकळेपणाने दिले पाहिजे. त्यांनी दुरुस्ती होईपर्यंत स्पीकर बंद ठेवले. स्वयंपाकघरामागे, जिथे सांडपाण्यामुळे जमीन ओली राहते, तिथे तांब्याचा मुलामा दिलेला नवा रॉड पुरला. ध्वनीची सर्व उपकरणे एकाच बोर्डावर आणली, त्याला 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) बसवले आणि गिटारसाठी डीआय बॉक्स (गिटार थेट मिक्सरला जोडणारी छोटी पेटी) घेतला. अर्धे सामान श्री विजयपुरमला (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) मिळाले, बाकीचे चेन्नईहून यायला बराच वेळ लागला. कोणीतरी अर्थिंगची पिनच कापून टाकण्याचा सल्ला दिला होता, कारण त्याने घरघर थांबते, पण धातूवर साचणाऱ्या विजेला जमिनीत जायची वाटच उरत नाही. तो त्यांनी मानला नाही, हे मला विशेष वाटते. आता घरघर जवळजवळ गेली आहे. जनरेटरवर अजून थोडी येते, पण गाणे सुरू झाले की ती बुडून जाते.

आठवड्यातून एक संध्याकाळ स्पीकरशिवाय ठेवावी अशी माझी सूचनाही त्यांनी स्वीकारली आहे. त्या दिवशी काका गातात, पण स्वयंपाकघरातील गर्दी पाहून, त्यामुळे नऊनंतरच. गाण्यासाठी जायचे असेल तर वार आधी विचारून घ्यावा आणि त्या दिवशीचे परतीचे तिकीट काढू नये. बारजवळचे टेबल टाळावे. डीप फ्रीझरचा आवाज तिथे ऐकू येतो. पडौक या अंदमानी लाकडाचे लांब बाक आहे त्याच्या समुद्राकडील टोकाला बसावे. पौर्णिमेच्या आसपास गेल्यास चंद्र समोरूनच उगवतो.

एक काळजी शिल्लक आहे. फेब्रुवारी ते एप्रिल हे येथील कोरडे महिने. आपल्याकडे उन्हाळ्यात मीटरजवळच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओततात, तसे नव्या रॉडभोवती दर आठवड्याला दोन बादल्या ओतायला हव्यात. निघण्यापूर्वी मी ते स्वयंपाकघरातील मुलांना दाखवून दिले आहे, पण मुले हंगामागणिक बदलतात. पावसाळ्यानंतर तिथे जाणाऱ्यांनी दोन गाण्यांमधील शांततेत कान देऊन ऐकावे, आणि घरघर पुन्हा जाणवली तर त्याच रात्री व्यवस्थापकांना सांगावे, सकाळची पहिली बोट पकडायची असली तरी.