डार्ट बोर्ड: सिसलचा की इलेक्ट्रॉनिक?

प्रतापनगरातल्या भाच्याला हॉलमध्ये डार्ट बोर्ड लावायचाय, पण कोणता, यावर गाडी अडलीय.

टिकण्यात सिसल, म्हणजे घायपाताच्या तंतूंचा बोर्ड, सरस. डार्टचं टोक तंतूंच्या मधून शिरतं, काढलं की तंतू पुन्हा मिटतात. आकड्यांची कडी सुटी असते. ती काढून अधूनमधून बोर्ड फिरवला, कडी पुन्हा जागेवर लावली की २० च्या घराची झीज वाटली जाते. पण नागपुरात उन्हाळाभर कूलर चालतो आणि त्या ओलसर हवेनं सिसल फुगतं. म्हणून कूलरसमोरची भिंत टाळाच. नेम चुकला तर लोखंडी टोक भिंतीचं प्लास्टरही उडवतं, तेव्हा बोर्डाभोवती फोमची कडी हवीच.

इलेक्ट्रॉनिकच्या डार्टची प्लास्टिक टोकं मोडतात, ती वरचेवर घ्यावी लागतात. टकटकही जास्त. गुण मात्र आपोआप मोजले जातात.

बुल, म्हणजे बोर्डाचा मधला ठिपका, दोन्हींत जमिनीपासून १.७३ मीटर. फेकीची रेघ बोर्डाच्या दर्शनी बाजूपासून मोजायची, भिंतीपासून नाही: सिसलला २.३७ मीटर, प्लास्टिक टोकांना साधारण २.४४.

घरात लहान मुलं असतील, पाहुण्यांसोबत कधीमधी खेळायचं असेल, तर इलेक्ट्रॉनिक बरा. भाच्याला रोज सराव करायचाय. त्यानं सिसलचाच घ्यावा.