जुन्या सँट्रोची घरची धुलाई: दिवाळी ते पावसाळा वापरून झाल्यावर

गाडी 2006 ची सँट्रो झिंग, लाल. दिवाळीत कार शाम्पू, मायक्रोफायबरचं फडकं, क्ले बार (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा), पॉलिश, वॅक्स आणि छोटा प्रेशर वॉशर घेतला होता. आता पावसाळा सरत आलाय, तेव्हा काय टिकलं ते लिहितो.

सगळ्यात महाग वॉशर, आणि जुन्या गाडीला सगळ्यात कमी कामाचा. चाकांच्या वरचा चिखल झकास निघतो. पण पूर्वी टचअप झालेल्या जागी फवारा जवळ नेला की रंगाचे पापुद्रे सुटतात, कडक झालेल्या बीडिंगमधून (काचा-दारांच्या कडेची रबरी पट्टी) पाणी आत येतं. हातभर लांबून मारा. बॉनेटखाली तर नकोच. बाकी अंगाला दोन बादल्या बऱ्या: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, आणि धुवायचा हातमोजा दरवेळी आधी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा. भांड्यांच्या लिक्विडने वॅक्स निघून जातं.

क्ले बार मात्र पैसे वसूल. धुतलेल्या बॉनेटवर हातात पातळ पिशवी घालून बोटं फिरवा. खरखर लागली तर क्ले हवाच. शाम्पूचं पाणी शिंपडत, अजिबात जोर न लावता. तुकडा जमिनीवर पडला तर सरळ फेका, माती चिकटून ओरखडे काढतो.

पॉलिश आधी कोपऱ्यात करून बघा. माझं फडकं लाल झालं. म्हणजे वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही, घासला जातोय तो रंगच. अशा गाडीला पॉलिश क्वचितच, आणि कडांना मुळीच नाही. तिथे रंगाचा थर आधीच पातळ असतो. वॅक्स मात्र दर दोनेक महिन्यांनी लावतो.

सोसायटीत बोअरचं पाणी. उन्हात धुतली की क्षारांचे पांढरे डाग ठरलेले, म्हणून सकाळी सावलीत, एकेक भाग धुऊन लगेच पुसायचा.

या सगळ्यापेक्षा मोलाचं काम फुकटचं आहे. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात, ती खराट्याच्या काडीने मोकळी करा. वायपरखालच्या जाळीतली पानंही काढा. पत्रा आतून सडतो तो इथेच पाणी साचून, आणि त्यावर कुठलंच वॅक्स चालत नाही.

डॅशबोर्डचा चकचकीत स्प्रे मी बंद केलाय. धूळ चिकटते, वर उन्हात समोरच्या काचेत डॅशबोर्डच दिसतो. ओलं फडकं पुरतं.