सॉलिड अ‍ॅक्सल बसवताय, मग कमान कोणती? थराची की पॅराबोलिक

पिकअपचं पुढचं टॉर्शन बारचं (पीळ घेणाऱ्या सळईचं) सस्पेन्शन काढून जुन्या जीपचा सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा अखंड अ‍ॅक्सल) टाकायचा, हे ज्यांचं पक्कं झालंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. टाकावा की नाही, यात शिरत नाही. अमेरिकेत टोयोटाने 1986 च्या मॉडेलपासून फोर-व्हील पिकअपचा पुढचा सॉलिड अ‍ॅक्सल बंद केला आणि तिथले लोक तेव्हापासून तो परत बसवत आलेत. त्यांची कारणं तीच आपली. पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचा गियर रेशो जुळतो का, हे तुम्ही पाहिलं असेलच. आरटीओचं मात्र आधी बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असल्या बदलांना आडवं येतं. माझी गाडी म्हणूनच शेताबाहेर जात नाही. काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. झाडापासून रस्त्यालगतच्या शेडपर्यंत कॅरेट आणणं एवढंच तिचं काम, पुढे नागपूरच्या कळमना बाजारात माल भाड्याच्या टेम्पोतून जातो.

मी आधी थराची कमान, म्हणजे एकावर एक बरेच पाटे रचलेली नेहमीची लीफ स्प्रिंग, वापरली. अ‍ॅक्सलसोबत आठ पाट्यांचा संच आयताच मिळाला होता, कमान अ‍ॅक्सलवर टेकते त्या गाद्याही त्याच मापाच्या. दोन पावसाळे काढले. आता दीड वर्षापासून दोन पाट्यांची पॅराबोलिक आहे.

थराच्या कमानीची बाजू भक्कम आहे. पाटा मोडला तरी उरलेल्या सातांवर गाडी घरी येते. नागपूरजवळच्या वाडीला कुठल्याही कमानवाल्याकडे सकाळी नेली की संध्याकाळपर्यंत नवा पाटा घालून मिळतो. पुढे विंच किंवा जड बंपर लावला तर एक पाटा वाढवता येतो, कडक वाटली तर एक काढता येतो. कमान लांब करायची सोयही यातच जास्त. लांबीचा फरक फार मोठा पडतो बरं: बाकी सगळं तेच ठेवून लांबी 10 टक्के वाढवली, तर कडकपणा साधारण चौथाईने उतरतो. फक्त कमानवाल्याला गॅस लावून पाटा वाकवू देऊ नका. टेंपर (पोलादाचा चिवटपणा) जातो आणि सहा महिन्यांत कमान खाली बसते. प्रेसमध्ये थंडच वाकवायला सांगा.

एवढं सगळं असून मी ती काढली, त्याला कारण आपली काळी माती.

आंबिया बहाराची तोडणी लागते तेव्हा पाऊस नुकताच गेलेला असतो आणि बागेतली वाट अजून ओलीच असते. हा चिखल लोण्यासारखा पाट्यांच्या फटीत शिरतो. आठ दिवस ऊन पडलं की तिथेच विटेसारखा घट्ट होतो. थराच्या कमानीत पाटे एकमेकांवर घासत सरकतात तेव्हाच ती वाकते. ते सरकणंच थांबलं की लहान खड्ड्यात कमान हलत नाही, सगळा मार टायर आणि कंबर खाते. पाटे एकत्र धरणाऱ्या क्लिपा सैल करून, जुन्या पटाशीने एकेक फट खरवडून काढायला मला एका बाजूला दीड तास लागायचा, आणि तोडणीच्या दिवसांत तो दीड तास नसतो. जळकं ऑइल मारून पाहिलं. चार दिवस कुईकुई बंद, पाचव्या दिवशी त्याच तेलावर धुळीचा लेप. दुसऱ्या पावसाळ्यानंतर आमच्या मिस्त्रीने टॉमी घालून कमान हलवून पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, हे कमान नाही राह्यली, हे तं फळी झाली."

पॅराबोलिकचे पाटे मधे जाड आणि टोकाकडे पातळ होत जातात. ते फक्त मधे आणि टोकांशी टेकतात, बाकी लांबीभर मोकळी फट. फवारणीच्या पंपाची धार मारली की चिखल आरपार निघून जातो, पाच मिनिटांचं काम. मी काही मोजमाप केलेलं नाही. पण नाल्याआधीचा जो तुकडा मी दुसऱ्या गियरमध्ये काढायचो, तो आता तिसऱ्यात निघतो. आणि बाबा, जे कमरेमुळे या गाडीत बसायलाच तयार नव्हते, ते आता रोज शेडपर्यंत माझ्यासोबत येतात. माझ्यासाठी हिशेब तिथेच संपला.

तिच्या खोडीही सांगायला हव्यात. पाट्यांचं घर्षण गेलं म्हणजे झोका आवरणारंही काही राहिलं नाही. जुन्या शॉकअपवर गाडी होडीसारखी डोलते. शॉकअपचा खर्च आधीच धरा. दुसरी खोड जास्त गंभीर आहे. उतारावर जोरात ब्रेक दाबला की अ‍ॅक्सल कमानीवर पीळ घेतो, त्यासोबत स्टिअरिंगचा आर्म फिरतो आणि गाडी एका बाजूला ओढते. माझी डावीकडे ओढते. शेतातल्या वेगाला मला ते चालतं. परवानगी काढून तुम्ही रस्त्यावर वेगात चालवणार असाल, तर थराची कमानच बरी, असं मला वाटतं. गाडी मुरमाड जमिनीत फिरत असेल तरीही थराचीच घ्या, स्वस्त पडेल. काळ्या मातीत मात्र मी परत तिकडे वळणार नाही.

मोडण्याची भीती मलाही होती. त्यासाठी संच घेताना दुसऱ्या पाट्याचं टोक मेन पाट्याच्या डोळ्यावरून (टोकाच्या गोल वळशावरून) वळवलेलं आहे का, ते बघा. मेन पाटा डोळ्याजवळ तुटला तरी अ‍ॅक्सल जागेवर राहतो. असा पाटा आपल्याकडे लगेच बनवून मिळणं अवघड आहे, म्हणून मी एक मेन पाटा जास्तीचा मागवून शेडमध्ये ठेवलाय.

शॅकल (कमानीचं एक टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी) कुठे, हा प्रश्न दोन्हींना सारखाच. विलीज घराण्याच्या जुन्या जीपना तो कमानीच्या पुढच्या टोकाला असायचा. त्यात खड्डा आला की चाक पुढे, म्हणजे खड्ड्यातच ढकललं जातं. मी मागे घेतला. धक्का कमी झाला, पण ब्रेक लावला की नाक थोडं जास्त झुकतं, आणि प्रोपेलर शाफ्टच्या स्लिपला (आत-बाहेर सरकणाऱ्या सांध्याला) जास्त सरकावं लागतं, ती आधी तपासा.

डोळ्यापासून डोळ्यापर्यंतचं माप इंजिन जागेवर असताना, गाडी चाकांवर उभी करूनच घ्या. कमान अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घाला. माझे पंधरवड्याने पुन्हा आवळले, तेव्हा प्रत्येक नटाने जवळजवळ अर्धा फेरा घेतला.