चार्टवरचा मासळीचा मॅप कॉम्प्युटरला द्यायचाय? स्कॉस, आउल की ग्राफ डेटाबेस

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या मासळीचा कन्सेप्ट मॅप (गोलात नावं आणि मधे बाण, असं चित्र) काढून झालाय आणि आता तो कॉम्प्युटरला समजेल असा करायचाय, तर आधी बाण बघा. बांगडा ते मासा हा बाण 'प्रकार आहे', बांगडा ते रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) हा बाण 'मिळतो', दोन्ही एकाच स्केचपेनने काढलेले असले तरी आपल्याला कळतं, मशीनला नाय कळत. बाणाचा अर्थ किती काटेकोर लिहायची तयारी आहे त्यावर पुढचं सगळं.

सगळ्यात सोपं स्कॉस (SKOS), म्हणजे नावं आणि त्यांची वर-खाली नाती मांडायची पद्धत, २००९ पासून डब्ल्यूथ्रीसीचं (वेबचे नियम ठरवणारी संस्था) स्टँडर्ड. सुरमई मुख्य नाव, इसवण पर्यायी नाव, वरती मासळी, आणि बाकी बाणांना सरसकट 'संबंधित'. कोळंबी न् तिसऱ्या (शिंपल्या) मासळीखाली टाकल्या तरी ते काय बोलत नाही, बाजारात तरी कोण बोलतं! पण रापणीला काय काय मिळतं असं विचारलंत तर 'संबंधित'मधून धड उत्तर येत नाही.

आउल (OWL), म्हणजे वर्ग आणि त्यांचे नियम लिहायची भाषा, कडक. कोळंबी 'मासा'मध्ये पण टाकली आणि 'कवचधारी'मध्ये पण, आणि हे दोन वर्ग एकमेकांत मिसळत नाहीत असं सांगितलेलं असेल, तर प्रोटेजे या सॉफ्टवेअरमध्ये रीझनर (नियम तपासणारा प्रोग्राम) चालवला की कोळंबी लाल होते. सांगायचं राहिलं तर मात्र तो गप्प, कारण न सांगितलेलं खोटं असं आउल धरत नाही. आणि खरी गोची 'मिळतो' या बाणाची, तो वर्गाच्या नियमात घातलात तर अर्थ होतो प्रत्येक बांगडा रापणीत मिळतोच, म्हणजे गिलनेट, पर्ससीन अशा दुसऱ्या जाळ्यांतला आणि अजून समुद्रात पोहतोय तो पण रापणीत मिळाला असं धरलं जातं.

निओफोरजेसारख्या (Neo4j) ग्राफ डेटाबेसमध्ये, म्हणजे गोल आणि बाण तसेच साठवतो त्यात, बाणावरच महिना, गाव, जाळं लिहिता येतं. आरडीएफमध्ये (RDF, स्कॉस-आउलच्या खालची डेटा लिहायची पद्धत) त्यासाठी सहसा मध्ये एक जादा गोल घालावा लागतो. पण कोळंबीचा घोळ ग्राफ डेटाबेस स्वतःहून पकडणार नाही.

माझं मत, शाळेचा प्रोजेक्ट किंवा नावांचा साठा असेल तर डोळे झाकून स्कॉस, रोज बंदरावर काय उतरलं त्याची नोंद असेल तर ग्राफ. आउल वर्गीकरणापुरतं ठेवा, ते पण नियम तपासत बसणारं कोणी असेल तरच. स्कॉस आणि आउल दोन्ही आरडीएफवरच आहेत, त्यामुळे स्कॉसपासून सुरू करून नंतर तेवढाच भाग कडक करता येतो.