छोटं गाव: शहरालगतचं की लांबचं?

छोट्या गावात कंटाळा येईल ही धास्ती असेल, तर ते शहरापासून किती लांब, हे आधी बघा.

शहरालगत भाडं चढं, पण नोकरी हाताशी. संध्याकाळचं मात्र विचारू नका. कमावती माणसं फक्त झोपायला येतात, खरेदी-सिनेमा शहरातच उरकतात. मग इथलं दुकान वाढणार कसं? शेवटची बस गेली की गाडी नसलेली पोरं अडकलीच.

लांबच्या गावाला बाजार, कॉलेज, वाचनालय स्वतःचंच लागतं, म्हणून चौकात रात्रीही जाग असते. भाडं कमी. नोकऱ्या मोजक्या, शिकलेली मुलं परतत नाहीत, हा खरा तोटा. (आणि तुमचं भांडण तुमच्याआधी घरी पोचतं!)

रोज शहर गाठणाऱ्याला पहिलं बरं. घरून काम करणाऱ्याने, माणसांत रमणाऱ्याने दुसरंच घ्यावं.