गेम आर्ट शिकवताना: सत्रागणिक सॉफ्टवेअर की आधी एक अख्खी वस्तू?

बऱ्याच कॉलेजांत पहिला मार्ग चालतो: एका सत्रात मॉडेलिंग (वस्तूचा 3D आकार घडवणं), पुढच्यात टेक्श्चरिंग (त्यावर रंग-पोत चढवणं), शेवटी जमलंच तर गेम इंजिन (ज्यात गेम प्रत्यक्ष उभा राहतो ते सॉफ्टवेअर). वेळापत्रक बसवायला, पेपर काढायला हे सोपं. मुलांना ब्लेंडर या 3D सॉफ्टवेअरचे शॉर्टकट तोंडपाठ होतात, पण आपलं मॉडेल गेममध्ये कसं दिसेल याचा पत्ता नसतो.

दुसरा मार्ग: सुरुवातीलाच एक साधा कंदील घ्यायचा आणि अनरियल या गेम इंजिनमध्ये उभा राहीपर्यंत सोडायचा नाही. आधी बारकाव्यांचं जड मॉडेल, मग कमी पॉलिगॉनचं (पृष्ठभागाच्या छोट्या तुकड्यांचं) हलकं, यूव्ही (चित्र चढवण्यासाठी पृष्ठभाग सपाट उलगडणं), नॉर्मल मॅप (हलक्या मॉडेलवर उंच-सखलपणाचा भास देणारं चित्र), रंग. इथे गंमत होते. ब्लेंडरमध्ये बेक केलेला, म्हणजे जड मॉडेलवरून उतरवून घेतलेला, नॉर्मल मॅप तसाच अनरियलमध्ये टाकला, की पत्र्यावरचे पोचे फुगवट्यांसारखे दिसतात. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये नॉर्मल मॅपच्या हिरव्या चॅनेलची (चित्रातल्या हिरव्या रंगाच्या थराची, जो वर-खालचा उतार सांगतो) दिशा एकमेकांच्या उलटी असते. ती फिरवली की झालं. युनिटी या दुसऱ्या गेम इंजिनात ही भानगडच नाही. असली गोष्ट नुसत्या लेक्चरने डोक्यात राहत नाही, म्हणून निदान पहिल्या वर्षी तरी माझं मत दुसऱ्या मार्गाला.

अर्थात त्यासाठी शिक्षकाला सगळी साखळी यायला हवी, आणि 60 जणांच्या वर्गात प्रत्येकाची फाइल उघडून बघताना घाम फुटतो. रेखाटन आणि शरीररचनेचा तास मात्र दोन्हीकडे वेगळाच ठेवावा लागतो. तो कंदिलातून भागत नाही.